रागाची चटणी

आमच्या कॉलनीत शेंबडं पोरसुद्धा जाणतं, की चटणी वाटताना वाटणाऱ्या बाईच्या मनात जेवढा राग असेल तेवढी ती झोंबते. मिरची तीच, लसूण तोच, भाजलेला टोमॅटो तोच. पण शांत बाईच्या हातची चटणी तान्ह्याला चाटवावी, आणि नुकतीच नवऱ्याशी भांडून उठलेल्या बाईच्या हातची चटणी पाद्रीबाबांनीसुद्धा आधी छातीवर क्रूस काढून मगच तोंडाला लावावी. बाहेरचे लोक हसतात याला. हसू देत बापडे. त्यांनी दोन्या एल्पिदियाची लाल चटणी खाल्लेली नाही.

'दोन्या' आमच्याकडे मोठ्या बाईला मानाने म्हणतात. ही दोन्या एल्पिदिया म्हणजे टाकोवाल्या एवारिस्तोची सासू. एवारिस्तोची गाडी टायरवाल्याच्या दुकानाला लागून, निळ्या ताडपत्रीखाली. गाडीवर मधे उंचवटा असलेली भली थोरली कढई. तिच्या कडेच्या खळग्यात सुआदेरो म्हणजे गाईच्या पोटाकडचं मांस आणि लोंगानिसाची लांबलचक सॉसेजं आपल्याच चरबीत सकाळपासून रटरटत असतात, आणि मधल्या उंचवट्यावर तोर्तिया, म्हणजे मक्याच्या पातळ पोळ्या, गरम होतात. शेजारी त्याची बायको नोएमी मक्याच्या पिठाचे गोळे दाबून तोर्तिया काढते. तिच्यात मांस घालून दुमडली की झाला टाको. एवारिस्तोचा हात चांगला. मांस मऊसूत, कांदा-कोथिंबीर ताजी, बोलणं गोड. पण गडी स्वतःशी खोटं बोलणारा नव्हता. लोक येतात ते त्या मातीच्या वाडग्यातल्या चटणीसाठी, हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

आणि ती चटणी इतकी वर्षं जळजळीत होत आली त्याचं श्रेय जातं सासरेबुवांना. अन्सेल्मो त्यांचं नाव. माणूस निर्व्यसनी, देवभोळा, पण बायकोला चिडवायची त्यांना देणगीच होती. मुद्दाम काही करायचे नाहीत, नुसते असायचे. जेवताना मचमच आवाज करायचे, ओला टॉवेल तिच्या उशीवर टाकायचे, आणि दर वर्षी पावसाच्या आधी छप्पर दुरुस्त करतो म्हणून ग्वादालुपेच्या देवमाउलीची शपथ घ्यायचे. एल्पिदिया रोज सकाळी अंगणात तीन पायांचा दगडी खल पुढ्यात घेऊन बसायची आणि नवऱ्याला आठवून मिरच्या चेचायची. अन्सेल्मो वारले तेव्हा एवारिस्तो मनापासून रडला. थोडा सासऱ्यासाठी, थोडा धंद्यासाठी. पण मेल्यावरही त्या भल्या माणसाने जावयाला हात दिला. छप्पर तसंच गळकं ठेवून गेला मेला, म्हणून एल्पिदिया पुढे दोन वर्षं त्याच्या नावाने धुमसत राहिली, आणि चटणी पहिल्यापेक्षा सवाई होऊ लागली.

घात केला तो धार लावणाऱ्याने.

फिदेन्सियो म्हणून एक विधुर होता. सायकलच्या मागच्या चाकाला सहाण जोडलेली, आणि गल्लीच्या तोंडाशी आला की छोटा पावा वाजवायचा. पावा ऐकला की बायका सुऱ्या-कात्र्या घेऊन दारात. मिशी पांढरी, शर्टाला इस्त्री, आणि बाईमाणसाशी बोलताना टोपी हातात. एल्पिदिया आधी जावयाच्या सुऱ्या घेऊन गेली. मग आपली कात्री. मग शेजारणीची कात्री. मग काल धार लावलेलीच सुरी परत घेऊन गेली, आणि त्यानेही काही न बोलता तिला परत धार लावून दिली. हे सगळं एवारिस्तोच्या डोळ्यांसमोर चाललं होतं, पण त्याच्या डोक्यात काही शिरलं नाही. शिरलं ते एका सकाळी. सासूबाई अंगणात बसून मिरच्या वाटत होत्या आणि गाणं गुणगुणत होत्या. 

दुपारी चुचो आला. चुचो टॅक्सीवाला, गाडीवरचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात तोंडाळ गिऱ्हाईक. त्याने नेहमीसारखी टाकोवर चमचाभर चटणी ओतली, लिंबू पिळलं, मान वाकडी करून घास घेतला आणि चावता चावता थांबला.

"एवारिस्तो, हे काय आहे?"

"चटणी आहे."

"मला वाटलं बाळाला दात येताना देतात तसलं काही आहे. अरे बाबा, मी इथं रडायला येतो. घरी रडलो तर बायको कारण विचारते. इथं आपलं बसल्या बसल्या नाक मोकळं व्हायचं, मन हलकं व्हायचं."

"यंदा मिरचीच तशी आलीय," एवारिस्तोने ठोकून दिलं.

"मिरची नाही रे, तुझी सासू तशी आलीय. कोण आहे तो?"

नोएमी तोर्तिया दाबता दाबता खांद्यात तोंड खुपसून हसली. एवारिस्तोला मात्र हसू येईना, कारण रस्त्याच्या पलीकडे नाबोर उभा होता. नाबोर उभ्या सळईवर डुकराचं मसाला लावलेलं मांस फिरवतो आणि सळईच्या टोकावर अननस खोचतो. सुरीने अननसाची फोड उडवायची आणि हवेतून ती बरोबर टाकोत झेलायची, हा त्याचा खेळ. पोरीबाळी बघत उभ्या राहतात. त्याची चटणी अगदी भिकार, म्हणून आजवर एवारिस्तोला त्याची भीती नव्हती. आता नाबोर पलीकडून ओरडला, "शेजारी, आता तुझीही चटणी भिकार आणि माझीही भिकार. माझ्याकडे निदान अननस तरी आहे."

चुचोने उरलेला टाको संपवला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "फक्त आजच्या दिवस हं, एवारिस्तो." आणि गेला की रस्ता ओलांडून. त्याच्या मागून टायरवाल्याची दोन माणसं गेली. आठवडा संपेपर्यंत एवारिस्तोच्या बाकड्यावर मांजर झोपायला लागलं.

घरी त्याने बायकोपाशी विषय काढला. "तुझ्या आईचं वय काय, आणि हे चाललंय काय?"

"माझी आई माझ्या आठवणीत पहिल्यांदा हसतेय," नोएमी म्हणाली. "तू मधे तडमडलास तर त्या कढईत तुलाच परतून काढीन."

"मी कशाला मधे पडू? मी आपला धंद्याचं बोलतोय."

"मग धंद्याचं तू बघ. आईचं आई बघेल."

बघितलं त्याने. दुसऱ्या दिवशी सासूबाई आत गेल्याचं पाहून मूठभर वाळक्या मिरच्या जास्तीच्या भाजून त्याने गुपचूप खलात टाकल्या. चटणी तिखट झाली यात वाद नाही. पण चुचोला जबरदस्तीने एक टाको खिलवला तेव्हा तो उचक्या देत म्हणाला, "तिखट आहे. पण रागावलेली नाही. नुसती ओरडतेय. तुझ्या सासूची चटणी ओरडायची नाही रे, ती टोचून बोलायची." एल्पिदियाने संध्याकाळी वाडगं हुंगलं, जावयाची चोरी ओळखली, आणि काय केलं असेल? हसली. "लहान पोरासारखा आहेस अगदी," म्हणून त्याचा गालगुच्चा घेतला. एवारिस्तोला त्या गालगुच्च्याने रात्रभर झोप नाही. पूर्वीची सासू असती तर तिने बत्ता फेकून मारला असता, आणि दुसऱ्या दिवशी गाडीवर रांग लागली असती.

तेव्हा त्याने ठरवलं की आता सासूबाईंना चिडवायचं. सरळ मार्गाने, हात धुऊन मागे लागायचं. जगात कुठल्याच जावयाला हे शिकवावं लागत नाही, पण एवारिस्तो पडला स्वभावाने लोण्याचा गोळा. त्याला कुणाला चिडवायची सवय नव्हती, त्यामुळे तो मन लावून तयारी करायचा. रविवारी जेवताना त्याने खडा टाकला.

"सासूबाई, शेजारच्या क्लोतिल्देबाईंच्या मोलेचा रस्सा काय दाट होतो. तुमचा आपला जरा पातळच."

एक काळ असा होता की या वाक्यावर घरात भांडी उडाली असती. एल्पिदियाने चमचा चाटून विचार केला. "खरंय बाळा. तिच्या हाताला चव आहे. उद्या जाऊन विचारून येते कसा करते ते."

एवारिस्तोला घास गिळेना. मग त्याने सासूबाईंची एक चप्पल लपवली, तर त्या अनवाणी फिरल्या आणि म्हणाल्या, फरशी कशी छान गार लागते. त्याने त्यांना चार लोकांत 'आजी' म्हणून हाक मारली, तर त्या लाजल्या. शेवटचा उपाय म्हणून त्याने सासऱ्यांची पायवाट धरली. आंघोळ केली आणि ओला गच्च टॉवेल सासूबाईंच्या उशीवर नेऊन टाकला, आणि दाराआड उभा राहिला.

एल्पिदिया आत आली. टॉवेल बघून थबकली. एवारिस्तो आतल्या आत म्हणाला, आता. पण ती पलंगाच्या कडेवर बसली, टॉवेलवरून हात फिरवत राहिली, आणि भिंतीवरच्या तसबिरीकडे बघून म्हणाली, "तूच होय रे? मला कौल द्यायला आलास. बरं, जा आता. मी रागावले नाहीये तुझ्यावर. छपराचंसुद्धा सोडलं बघ." आणि डोळ्यांना एप्रनचं टोक लावून, शांतपणे टॉवेल दोरीवर वाळत घालून आली. म्हणजे गंमत बघा. नव्या रागाची तर सोयच नव्हती, आणि दोन वर्षांचा साठवणीतला राग होता तोही एवारिस्तोने आपल्या हाताने पुसून टाकला. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात तो असा.

यानंतर जे त्याने केलं ते मात्र चांगलं केलं नाही. हे मी त्याच्या तोंडावरही सांगितलंय.

झालं असं, की शनिवारी फिदेन्सियो स्वतःच गाडीवर आला. टोपी हातात. "तुमच्या सासूबाईंना उद्या चौकात दान्सोनला घेऊन जावं म्हणतो," तो म्हणाला. दर रविवारी दुपारी चौकात बँड वाजतो आणि वयस्कर जोडपी टाचा जुळवून, सावकाश, अदबीने नाचतात. "त्या हो म्हणाल्यात. पण घरात पुरुषमाणूस तुम्हीच, म्हणून म्हटलं तुमच्याही कानावर घालावं."

असा सभ्य माणूस. कुणालाही वाटलं असतं की याच्या पाया पडावं. पण एवारिस्तोला समोर रिकामं बाकडं दिसत होतं आणि पलीकडे उडणारा अननस दिसत होता. तो म्हणाला, "न्या की, जरूर न्या. फक्त जाण्याआधी एक पुण्याचं काम पदरात पाडून घ्या. डोंगरावरच्या मठातल्या सिस्टरांच्या कात्र्या पार बोथट झाल्यात. सणाचं शिवणकाम अडून पडलंय बिचाऱ्यांचं."

"डोंगरावर मठ आहे?"

"वर चढत राहायचं. घंटा ऐकू आली की पोचलात."

डोंगरावर कसला आलाय मठ. तिथं पाण्याच्या टाक्या आणि भटकी कुत्री. पण फिदेन्सियोसारखा माणूस सिस्टरांना नाही कसा म्हणणार? रविवारी सकाळीच तो सायकल ढकलत डोंगर चढायला लागला.

एल्पिदिया जेवण होताच तयार झाली. हिरवा झगा घातला, नाचायचे पट्टीचे बूट घातले, कानामागे अत्तर लावलं आणि दारात खुर्ची टाकून बसली. गल्लीतल्या बायका जाता-येता म्हणत होत्या, "काय दोन्या, आज कुणाचा जीव घेणार?" ती हसत होती. मग त्या बायका परत येताना काही म्हणेनाशा झाल्या. चौकातून बँड ऐकू येत होता, मग तोही थांबला. दिवे लागले तेव्हा तिने खुर्ची आत नेली. एवारिस्तो हे सगळं खिडकीतून बघत होता, आणि खोटं कशाला बोलू, हात चोळत होता. उद्याची चटणी अशी होणार, की नाबोरचा अननससुद्धा रडेल.

सोमवारी सकाळी त्याने लवकर उठून कान दिला. गाणं नव्हतं. खलाचा आवाज येत होता, पण तो जोराचा नव्हता, संथ होता. एल्पिदियाने वाडगं त्याच्या हातात दिलं आणि आत गेली. वाडगं घेऊन तो जवळजवळ पळतच गाडीवर आला. "आज या," त्याने चुचोला मुद्दाम निरोप धाडला होता. "आज खरी आहे."

चुचो आला, टायरवाले आले, शाळेतल्या एक बाई आल्या. थाळ्या धुवायला लागू नयेत म्हणून नेहमी करतो तशा एवारिस्तोने सगळ्यांच्या थाळ्यांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवल्या, टाको वाढले आणि त्यांच्या तोंडांकडे बघत राहिला. सगळ्यांनी एक एक घास घेतला. कुणी ठसकलं नाही. कुणी नाकही ओढलं नाही. सगळे फक्त गप्प झाले. चावायचे थांबले नाहीत, पण मयताच्या घरी कॉफी पितात तसे खाली बघून चावत होते. शाळेतल्या बाईंनी पर्समधून रुमाल काढला आणि कारण नसताना म्हणाल्या, "माझा भाऊ असता तर आज पन्नास वर्षांचा झाला असता." एक टायरवाला उठून थोडा लांब जाऊन उभा राहिला. आणि चुचो, ज्याच्या जिभेला कुलूप लावायला देवाला जमलं नव्हतं, त्याने अर्धा टाको थाळीत ठेवला.

"मी जरा आईकडे जाऊन येतो," तो म्हणाला. "बरेच दिवस गेलो नाही."

एवारिस्तोने बोटाने चटणी चाखली. तिखट नव्हती, आंबट नव्हती, खारटही नव्हती. तिच्यात काहीच नव्हतं, आणि ते काहीच नसणं घशाखाली उतरताना त्याला दारातली खुर्ची दिसली आणि त्यावर बसलेली हिरवा झगा घातलेली बाई दिसली. त्याला स्वतःची इतकी शरम वाटली की त्याने गॅस बंद केला. नोएमी त्याच्याकडे बघत होती.

"काय केलंस तू?" तिने विचारलं.

त्याने सांगितलं. नोएमीने हातातला पिठाचा गोळा त्याच्या छातीवर मारला आणि रस्त्याकडे बोट दाखवलं. एवढंच.

फिदेन्सियो बेकरीमागच्या त्याच्या खोलीत सायकलचं पंक्चर काढत बसला होता. चेहरा उतरलेला. "मठ सापडला नाही मला," एवारिस्तोला बघताच तोच माफी मागू लागला. "संध्याकाळपर्यंत हिंडलो. चाक बसलं. तिच्या गल्लीत आलो तर ती खुर्ची आत नेत होती. कुठल्या तोंडाने पुढे जाऊ? सिस्टरांना दिलेला शब्द पाळला नाही, तिला दिलेला पाळला नाही. मी कसला माणूस?"

"मठच नाही," एवारिस्तो म्हणाला. "चला माझ्याबरोबर."

एल्पिदिया अंगणात कपडे वाळत घालत होती. एवारिस्तोने फिदेन्सियोला दाराशी उभं केलं आणि सासूबाईंपुढे खाली मान घालून सगळं सांगून टाकलं. मठ, कात्र्या, नाबोर, रिकामं बाकडं. ती ऐकत होती. रागावली नाही. फिदेन्सियोकडे बघून तिच्या तोंडावर जीव परत आला होता, आणि अशा वेळी माणूस सगळ्या जगाला माफ करतं. एवारिस्तोने तिथं थांबायला हवं होतं. पण कबुली द्यायला बसलेल्या माणसाला कुठे थांबावं कळत नाही.

"आणि मोलेचं पण मुद्दामच बोललो. आणि चप्पल."

"असू दे रे."

"आणि तो टॉवेल."

एल्पिदियाचा हात दोरीवर थांबला. "कुठला टॉवेल?"

"उशीवरचा. ओला. तो मी टाकला होता."

"तो तू टाकलास."

"हो."

"मला वाटलं त्याने कौल दिला," ती अगदी हळू आवाजात म्हणाली. "त्या टॉवेलापायी मी त्याला माफ करून बसले. मचमच माफ केली. छप्पर माफ केलं. सगळा संसार माफ केला मी त्या मेल्याला, आणि टॉवेल तुझा?"

फिदेन्सियो शहाणा. तो दोन पावलं मागे सरकला. एल्पिदिया ओरडली नाही. तिने बाह्या वर केल्या, खल पुढ्यात ओढला आणि म्हणाली, "मिरच्या आण."

त्या दिवशीच्या चटणीबद्दल आमच्या कॉलनीत अजून बोलतात. कढई परत तापली, आणि आईला भेटून आलेल्या चुचोने पहिला घास घेतला. त्याचे कान आधी लाल झाले, मग मान, आणि मग तो आनंदाने असा रडला की त्याच्या टॅक्सीत बसलेल्या गिऱ्हाईक बाईने उतरून त्याला पाणी पाजलं आणि मग स्वतःही दोन टाको मागवले. नाबोरचं गिऱ्हाईक अर्धा टाको हातात धरून रस्ता ओलांडून आलं. एवारिस्तोला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. सासूबाईंचं प्रेमही जमलं आणि रागही परत आला. आता काय, आयुष्यभर टॉवेल पुरेल.

संध्याकाळी एल्पिदिया गाडीवर आली. हातात तो खल. तो तिने थाडकन एवारिस्तोच्या पुढ्यात ठेवला.

"ही माझी शेवटची चटणी. उद्यापासून तू वाट."

"सासूबाई, मला कुठे येते?"

"राग यायला शीक. मी उन्हाळ्याच्या आत लग्न करतेय, मला आता वेळ नाही."

आणि केलं तिने लग्न. पाद्रीबाबा, केक, बँड, सगळं. फिदेन्सियोच्या खोलीत राहायला गेली. इकडे एवारिस्तो रोज खल घेऊन बसू लागला. तो मिरच्यांना शिव्या द्यायचा, सरकारला शिव्या द्यायचा, फुटबॉलच्या पंचांना शिव्या द्यायचा, पण मनातून त्याला कुणाचा राग म्हणून यायचा नाही. चटणी व्हायची ती त्याच्यासारखीच, मऊ आणि मिळमिळीत. नोएमीला त्याने गळ घातली तर ती म्हणाली, "मी वाटीन की. पण मग मला रोज चिडवायला लागेल तुला. विचार करून सांग." त्याने विचार केला आणि विषय परत काढला नाही. बाकड्यावर मांजर पुन्हा झोपायला लागलं. ताडपत्री विकायची का, इथपर्यंत गोष्टी आल्या.

असाच एक रविवार. नेमकी दुपारची वेळ, आणि फिदेन्सियोची सायकल गल्लीतून येताना दिसली. मागे कॅरिअरवर एल्पिदिया, तोच हिरवा झगा. एवारिस्तोला भरून आलं. लग्नानंतर पहिल्यांदाच सासूबाई गाडीवर येत होत्या, आणि त्याही गिऱ्हाईक म्हणून. त्याने चांगल्यातली थाळी काढली, पिशवी चढवली, कढईतले सगळ्यात मऊ तुकडे वेचून बाजूला केले, आणि स्वच्छ फडक्याने बाकडं पुसलं.

सायकल त्याच्या समोरून गेली आणि रस्त्याच्या पलीकडे थांबली. नाबोरच्या गाडीपाशी.

एल्पिदिया उतरली, झगा सारखा केला आणि नाबोरच्या स्टुलावर बसली. नाबोरच्या अंगात तर वारंच शिरलं. त्याने अननसाची फोड अशी उंच उडवली की ती त्याच्या डोक्यावरच्या ताडपत्रीला लागून खाली आली, आणि तरी टाकोत झेलली. एल्पिदियाने टाळ्या वाजवल्या. एवारिस्तोने तिला टाळ्या वाजवताना जन्मात पाहिलं नव्हतं. गल्लीतली माणसं थांबून एकदा इकडे, एकदा तिकडे बघायला लागली. आणि मग ती मोठ्याने म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, "काय रे एवारिस्तो, माणसं जेवतायत दिसत नाही का? तोंडाने काही म्हणायची रीत आहे की नाही?"

रीत आहे. आमच्याकडे दुश्मनही जेवत असला तरी त्याच्या समोरून मुक्याने जाता येत नाही. एवारिस्तोने दात आवळले आणि म्हणाला, "सावकाश होऊ द्या, सासूबाई."

"होतंय सावकाश," ती तोंडात घास ठेवून म्हणाली. "अननस काय गोड आहे. तू का नाही रे ठेवत?"

एवारिस्तोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्या कॉलनीसमोर. स्वतःची सासू. त्याने बत्ता उचलला. मिरच्या त्याने भाजल्या नाहीत, जाळल्या. लसूण सालासकट घातला. खल गाडीवर असा दणदणत होता की मांजर उठून गेलं.  नोएमी फक्त तोर्तिया दाबत होती आणि खाली बघून दाबत होती. चुचो उत्सुकतेने जवळ आला, तेव्हा एवारिस्तोने न विचारताच एक टाको त्याच्या हातात कोंबला.

चुचोने घास घेतला. आधी काही झालं नाही. मग त्याचे कान लाल झाले. त्याने बाकड्याची कड घट्ट धरली, डोळ्यांतून धारा लागल्या, आणि बऱ्याच वेळाने त्याला आवाज फुटला.

"सासू परत आली?"

"नाही," एवारिस्तो गुरकावला. "मी."

पलीकडे एल्पिदिया चुचोच्या तोंडाकडेच बघत होती. तिने थाळी ठेवली, ओठ पुसले आणि रस्ता ओलांडून आली. न विचारता तिने वाडग्यात करंगळी बुडवली आणि चाखली. तिच्याही डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते तिने पुसलं नाही.

"जमली," ती म्हणाली.

एवारिस्तो तिच्याकडे बघत राहिला. मग नोएमीकडे बघितलं, तर ती खांद्यात तोंड खुपसून हसत होती. "म्हणजे तुम्ही मुद्दाम तिकडे..."

"मग? हौस होती मला? डुकराचं मला पचतही नाही." तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुला उपाशी थोडीच मरू देणार आहे मी. पोरीचा संसार आहे माझ्या. रोज काही यायला जमायचं नाही, पण रविवारी रविवारी येत जाईन."

 आपण एवढं सगळं केलं, तरी या बाईने आपलाच विचार केला. एवारिस्तोने बत्ता खाली ठेवला आणि तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्याचा चेहरा असा विरघळायला लागलेला बघून एल्पिदियाने झटकन हात सोडवून घेतला.

"पण एक खरं सांगू?" ती जाता जाता म्हणाली. "नाबोरचं मांस तुझ्यापेक्षा मऊ असतं."

ती हसतेय का ते बघायला एवारिस्तोने मान वर केली, तर ती पाठ फिरवून रस्ता ओलांडत होती. पलीकडे जाऊन ती कॅरिअरवर बसली, फिदेन्सियोने पाव्यावर एक लांब सूर काढला आणि सायकल गल्लीच्या वळणावरून गेली. खरं बोलली की उगाच, हे तिने आजतागायत सांगितलेलं नाही.

"काय म्हणाली आई?" नोएमीने विचारलं.

"मिरच्या दे," एवारिस्तो म्हणाला.